चौदा पायऱ्यांचा बंदोबस्त

श्री वास्तुपुरुष प्रसन्न. ज्याचे मर्जीने भिंती उभ्या राहतात, लिफ्ट वर येते आणि लेकरे धड पायांनी घरात हिंडतात, त्यास आधी नमस्कार करोन ही हकिकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, आश्विन मास. एका नगरीचे ऐन बाजारपेठेत एक विमा कचेरी होती, तेथे चाळीस वर्षे लोकांचे जन्ममरणाचे कागद रचिले जात. पुढे कचेरी उठोन नगराबाहेर गेली आणि इमारत ओस पडली, आणि मग शार्दूलपंत म्हणोन एक नामांकित आर्किटेक्ट तीवर चालोन आले. त्यांनी छत फोडोन नळ उघडे केले, गिलावा खरवडोन विटा उघड्या केल्या, आणि ज्यास इतर लोक अर्धवट काम म्हणतात त्यास राजविलास ऐसे नाव देवोन पाचवे मजल्यावरील महाल पुष्करराव व मृण्मयीबाई या दंपतीचे स्वाधीन केला. महाल थोर. खिडक्या दोन पुरुष उंच, एके अंगास कचेरीची जुनी लोखंडी तिजोरी, तीवर मनीप्लांट, आणि मध्ये पोटमाळा, जेथे पूर्वी दफ्तर असे. "पोटमाळा नका म्हणू हो, लॉफ्ट म्हणा," ऐसे शार्दूलपंत वारंवार विनवीत, परंतु पुष्कररावांच्या आईसाहेबांनी फोनवर विचारिलेच की, "एवढी शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, आणि पोटमाळ्यावर झोपता?"

या राज्यास भय एकच. लॉफ्टवर जावयास चौदा पायऱ्या, त्यांस ना कठडा, ना मागे फळी, जणू हवेत फळ्या टांगल्या आहेत. आणि राजकन्या रेवाबाई, वय वर्षे दीड, यांनी चालावयास शिकताच दुसरे दिवशी त्या पायऱ्यांवर स्वारी केली, ती तिसरे पायरीवर मृण्मयीबाईंनी धरिली. बाई एम.एस्सी. झालेल्या, अंदाजावर त्यांचा भरवसा नाही. म्हणोन त्यांनी राजकन्येचे डोक्याएवढी लोणच्याची बरणी शोधिली आणि दोन पायऱ्यांमधील फटीतून घालोन पाहिली, तो बरणी विनासायास पलीकडे गेली. मग बाईंस अन्न गोड लागेना. त्यांनी शार्दूलपंतांकडे फाटक मागितले. पंत घायाळ होवोन बोलिले, "फाटक? माझ्या जिन्याला? आधी मासिकाचे फोटो होऊ द्या. मग मी स्वतः एक काचेचं डिझाइन करतो. चार महिने धरा." "चार महिन्यांत ती उड्या मारायला लागेल." "मग थोडं लक्ष ठेवायचं." हा शब्द बाईंचे जिव्हारी लागला. आंघोळीसही न्हाणीचे दार किलकिले ठेवोन, डोळ्यांत साबण सोसोन ज्या लक्ष ठेवीत, त्यांनी आणिक लक्ष ते कोठोन आणावे? पुष्करराव दोन्ही दरबारी मान डोलावीत. "अगं, काही होत नाही." "हे मला लिहून दे, खाली सही कर." आणि मग बाईंनी निर्वाणीचा खलिता दिला तो ऐसा: "दसऱ्यापर्यंत जिन्याला आडोसा झाला नाही, तर मी रेवाला घेऊन आईकडे चालले. तू बस इथे विटा बघत." पुष्कररावांस विटा प्रिय, परंतु इतक्या नव्हेत. ते रडकुंडीस आले. तोवर दोन सुटकेसा आणि इस्त्रीचे टेबल यांची तटबंदी जिन्यापुढे रचिली, ती राजकन्या टेबलाखालून रांगत जावोन रोज जिंकीत.

ऐसे करता खंडेनवमीचा दिवस उगवला, मुदतीस एक दिवस उरला, आणि नेमके तेच दिवशी अकरा वाजता शार्दूलपंत फोटोग्राफरसह डेरेदाखल जाहले. येताच तटबंदी मोडोन सुटकेसा बाजूस सारिल्या. बाई राजकन्येस कडेवर घेवोन जिन्यापुढे उभ्या, तो खालून वॉचमनाचा फोन आला: "मॅडम, दोन माणसं आलीत. म्हणतात आमची तिजोरी तुमच्या हॉलमध्ये आहे." बाईंनी साखळी लावोन दार बोटभर उघडिले, तो बाहेर नऊवारी नेसलेली एक वृद्ध स्त्री नारळ घेवोन आणि मागे टोपीवाले गृहस्थ झेंडूची पिशवी घेवोन उभे. "मी टिपणीस, इथली हेडक्लार्क होते. हे सोपानमामा, आमचे शिपाई. खंडेनवमीला कचेरीत तिजोरीची पूजा असायची, ती आम्ही चुकवली नाही कधी. बांधकाम चालू होतं तेव्हा रस्त्यावरूनच हात जोडले." बाईंनी ओळखपत्र मागितले. टिपणीसबाईंनी पेन्शनचे पुस्तक साखळीखालून आत सारिले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे बाई, विचारावंच. आमच्या सूनबाई कुणालाही घरात घेतात." इतुक्यावर दोघींची मने मिळाली आणि दार उघडले.

मग मनीप्लांट उतरविला, तिजोरीस हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ चढविली, नारळ फुटला. टिपणीसबाईंनी मृण्मयीबाईंस कुंकू लावावयास जवळ बोलाविले, बाईंनी राजकन्येस निमिषभर खाली सोडिले, आणि निमिष तो पुष्कळ झाला. राजकन्या तीरासारखी जिन्याकडे सुटली. परंतु सोपानमामा पूजा आटोपताच सवयीने जिन्याचे पायथ्याशी आडव्या सुटकेसवर बसले होते, बत्तीस वर्षे दफ्तर राखीत तेथेच बसलेले, त्यांनी वर न पाहताच हात आडवा केला आणि म्हणाले, "चिठ्ठी?" राजकन्या थबकली. असा प्रश्न तिला जन्मात कोणी केला नव्हता. ती गेली आणि उष्टे बिस्कीट घेवोन आली. मामांनी ते चष्मा लावोन दोहो बाजूंनी पाहिले आणि परत दिले. "यावर साहेबांची सही नाही." मग तिने चप्पल आणिली. "ही पण बिनसहीची." मग झेंडूचे फूल आणिले, ते मामांनी टोपीत खोविले आणि म्हणाले, "अर्ज मिळाला. उद्या या." राजकन्या हसहसोन खाली बसली, आणि फोटोग्राफर पोट धरोन हसला, आणि पुष्कररावही हसले. इतुक्यात शार्दूलपंत वरून कोन पाहावा म्हणोन पुढे सरले, तो पुन्हा हात आडवा. "चिठ्ठी?" "अहो आजोबा, हा जिना मी केलाय!" "असंल. मोठे साहेब पण इचारून जायचे."

सर्व हसले, एक मृण्मयीबाई हसल्या नाहीत. त्या मामांपुढे खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुम्ही आता घरी जाल. मग हिला कोण विचारणार?" मामा म्हणाले, "म्या काय दिसरात होतो व्हय बाई? जेवाया जायचो तवा फाटक लावून जायचो." "कुठलं फाटक?" "हे काय, या खांबाला. बिजागरीची भोकं हायती बघा अजून." बाईंनी पाहिले, तो जिन्याशेजारी शोभेस ठेविलेल्या सागवानी खांबास खरेच सहा भोके. "मग गेलं कुठं?" मामांनी सांगितले की, खाली लिफ्टपाशी भिंतीवर उभे टांगिले आहे आणि त्यावर दिवा सोडला आहे. सर्वांची दृष्टी शार्दूलपंतांकडे वळली. पंत चाचरले, "ते... ते इन्स्टॉलेशन आहे." टिपणीसबाई म्हणाल्या, "अरे बाबा, ते फाटक आहे. त्याला एक बाजू आत असते, एक बाहेर." पंतांनी खाली बसलेल्या राजकन्येकडे पाहिले, चौदा पायऱ्यांकडे पाहिले, आणि त्यांचा रंग थोडा उतरला. फोटोग्राफर बोलिला, "सर, खरं सांगू? फाटक, हे मामा आणि ही मुलगी. याहून चांगली फ्रेम मिळणार नाही." पंतांस तहास निमित्त हवेच होते, ते मिळाले. त्यांनी स्वहस्ते पेचकस घेतला, पुष्करराव आणि ते मिळोन फाटक लिफ्टने वर आणिले, आणि सहा भोकांत सहा स्क्रू ऐसे बसले की जणू कधी निघालेच नव्हते. कडी वरचे अंगास, राजकन्येचे हातास न लागे ऐसी. मृण्मयीबाईंनी फाटक ओढोन पाहिले, ढकलोन पाहिले, अंग टाकोन पाहिले, आणि फाटक व खांब यांमधील फटीत बरणी घालोन पाहिली. अडकली. "आता तरी?" पुष्कररावांनी विचारिले. बाई म्हणाल्या, "बॅग नंतर भरू. आधी या दोघांना चहा टाकते."

तात्पर्य, फोटो छापोन आले, त्याखाली शार्दूलपंतांनी फाटक ही आपलीच मूळ कल्पना ऐसे लिहविले, ते कोणी खोडिले नाही. परंतु खंडेनवमीचे त्या दुपारी मृण्मयीबाई जिन्याकडे पाठ करोन खुर्चीत बसल्या, आणि चहाचा पेला तळापर्यंत गरम गरम प्यायल्या, आणि एकदाही मागे वळोन पाहिले नाही. राज्यात इतका मोठा विजय पूर्वी जाहला नव्हता. इति.