नेरूरकर काका लेख चालवून बघतात

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतले नेरूरकर काका आलेला लेख नुसता वाचत नाहीत, चालवून बघतात. प्रवासाच्या एका मराठी मासिकाचे ते तीसेक वर्षं संपादक आहेत. लेख आला, की त्या ठिकाणी कधीच न गेलेला माणूस गाठायचा, कागद त्याच्या हातात द्यायचा आणि आपण तोंडाला कुलूप लावून त्याच्या मागून चालायचं. माणूस चुकला, की लेख परत!

तो माणूस बहुधा मी असतो. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि मला दिशा अजिबात कळत नाहीत, हे त्यांच्या मते माझे दोन मोठे गुण. "हा पोचला ना, मग कोणीही पोचेल," असं ते चारचौघांत कौतुकाने सांगतात.

घोडबंदरच्या किल्ल्यावरच्या लेखात 'पिंपळापासून डावीकडे' असं होतं. मी इमानदारीत डावीकडे वळलो आणि थेट एका गोठ्यात शिरलो. शेण काढणारी बाई म्हणाली, "किल्ला हिथं न्हाय, मागं हाय." मागे बघतो तर काका टाळ्या पिटतायत! लेखक चांगला नावाजलेला. काकांनी बेधडक शेरा मारला, 'भाषा सुंदर. पण वाचक गोठ्यात पोचला.' ज्याचं तोंडही कधी पाहणार नाही अशा वाचकाची एवढी काळजी करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी मला भाजी मार्केटपाशी नेलं आणि कागद दिला. मोठ्या अक्षरात, हाताने लिहिलेला. 'मार्केटच्या तोंडाशी उभी राहा. घाई नाही.'

"काका, हा तर आपल्याच घरचा रस्ता!"

"माहीत नाही असं समजून चाल."

निघालो. मेडिकलवरून वळलो, रिक्षा स्टँड ओलांडला. 'पिवळी बिल्डिंग दिसली की आत जा.' गेलो. वॉचमन म्हणाला, "किसके यहाँ जाना है?" ती शेजारची सोसायटी होती. आमच्याकडे एका बिल्डरने बांधलेल्या सगळ्या बिल्डिंगा सारख्याच दिसतात.

मी हसत मागे वळलो. काका टाळ्या वाजवत नव्हते. ते मटकन कठड्यावर बसले.

"परवा सुमन इथेच शिरली होती रे," ते म्हणाले. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. "तासभर जिने चढत-उतरत होती. हल्ली विसरते. एकटी जाऊ नकोस म्हटलं तर रडते. मागून गेलो तर तिला कळतं, रागावते. इतकी वर्षं घरात भाजी तीच आणतेय."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. काकांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'पहिली पिवळी नाही. पुढची. गेटवर गणपतीची टाइल आहे ती.'

"पुन्हा मार्केटपासून. चल."

दुसऱ्या वेळी मी बरोबर पोचलो. लिफ्टमध्ये कागदावरची शेवटची ओळ वाचली.

'तिसरा मजला. बेल वाजवू नकोस, दार उघडंच आहे. मी चहा टाकलाय.'