येसू उंदरीण आणि लघवीच्या पिशवीचं संशोधन

एका जंगलात, बाळांनो, जिथे सिंह राज्य करायचा आणि बाकीचे सगळे अर्ज करायचे, तिथे येसू नावाची एक उंदरीण राहत होती.

येसू बिळाच्या तोंडाशी पहारा द्यायची. साप दिसला की शीळ घालायची. तिच्या शिळेवर चाळीस उंदरांचे जीव वाचले होते.

एकदा तिच्या लघवीच्या पिशवीला सूज आली. आठ दिवसांनी सूज उतरली, पण त्रास गेला नाही. दर दहा मिनिटांनी तिला झुडपामागे पळावं लागे. तिथे जाऊन होणार काय? दोन थेंब. आणि जळजळ एवढी, की डोळ्यांत पाणी यायचं.

"कामाची टाळाटाळ, दुसरं काय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव बयाक्का.

कासववैद्यांनी तिला तपासलं. "सूज कुठेच नाही. म्हणजे दुखणं मनाचं आहे. पाणी कमी पी आणि चांगले विचार कर."

येसूनं दोन्ही केलं. त्रास दुप्पट झाला. मग पंचांनी तिचा पहारा काढून घेतला. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता गंमत ऐका. तेच दुखणं सिंहमहाराजांनाही झालं. दर पंधरा मिनिटांनी ते दरबारातून उठायचे आणि "राज्याचं चिंतन करून येतो," म्हणायचे. चिंतन इतकं वाढलं, की राज्यकारभार थांबला. महाराजांनी गुपचूप डॉक्टर पाणकावळ्यांना बोलावलं आणि संशोधनाचा हुकूम दिला. महाराजांवर प्रयोग करणं बरं दिसत नाही, म्हणून उंदीर मागवले.

येसू आपण होऊन गेली.

"तुझं दुखणं नक्की काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे म्हणतात, काहीच नाही."

डॉक्टरांनी वहीत तिला क्रमांक सात दिला, टीपकागदावर बसवलं आणि दिवसभर डाग मोजले. संध्याकाळी चोचीवरचा चष्मा सारखा करत ते म्हणाले, "सुजेच्या वेळी पिशवीत एक रस तयार होतो. तो मज्जातंतूंना सांगतो, वाढा. ते बिचारे वाढतात. सूज निघून जाते, पण वाढलेले तंतू हळवे होऊन बसतात. दोन थेंब आले तरी पूर आला म्हणून ओरडतात."

"म्हणजे माझं दुखणं खरंच आहे?"

"आलेख आहे ना!" डॉक्टर म्हणाले.

येसू ढसाढसा रडली. डॉक्टरांनी त्याचीही नोंद केली.

मग त्यांनी त्या रसाला धरून ठेवणारं एक औषध शोधलं आणि येसूला टोचलं. तिसऱ्या दिवशी ती सलग तीन तास एका जागी बसली. तिनं मावळता सूर्य पुरता मावळेपर्यंत पाहिला. कित्येक महिन्यांत तिला ते जमलं नव्हतं.

"प्रयोग यशस्वी!" डॉक्टर ओरडले. "आता तू घरी जा."

"आणि औषध?"

"ते महाराजांसाठी आहे."

महाराज बरे झाले. येसूचा त्रास आठवड्यात परत आला.

बरे झालेले महाराज मोठ्या मनाचे होते. त्यांनी दवंडी पिटवली, "आम्हाला झालेला आजार ज्यांना असेल, त्यांना औषध फुकट मिळेल!"

झालं! महाराजांचा आजार म्हटल्यावर तो कोणाला नको असेल? कोल्ह्याला झाला, तरसाला झाला, मोराला तर पिसाऱ्यासकट झाला. बयाक्का शेजारणीला सांगू लागल्या, "आमच्या सूनबाईंना महाराजांच्या आधीपासून आहे हो!"

वाटपाच्या दिवशी येसू पहाटेच गेली. रांगेत तिचा नंबर पहिला होता.

दहा मिनिटांनी तिला झुडपामागे जावं लागलं. ती परत आली तेव्हा तिच्या जागी तरस उभा होता.

"ही माझी जागा आहे," येसू म्हणाली.

"रांग सोडली की नंबर गेला," व्यवस्था पाहणारा रानडुक्कर म्हणाला. "मागे जा."

ती मागे गेली. पुन्हा कळ आली. पुन्हा झुडूप, पुन्हा रांगेचं शेपूट. दुपारपर्यंत असं अठरा वेळा झालं.

शेवटी तिनं डॉक्टर पाणकावळ्यांना गाठलं. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी सांगा ना यांना! तुमच्याकडे माझा आलेख आहे."

डॉक्टरांनी वही उघडली. "आलेख क्रमांक सातचा आहे. क्रमांक सात ही बरी झाली, असं मीच लिहिलंय. तुला औषध दिलं तर माझं संशोधन खोटं पडेल, बाई."

शेवटची बाटली अस्वलाला मिळाली. ते सकाळपासून रांगेत उभ्या उभ्या झोपलं होतं. एकदाही हललं नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, आजारावर औषध हवं असेल, तर आधी प्रकृती ठणठणीत ठेवावी.