आधी आलेला माल आधी बाहेर

रुपरावांच्या कम्प्युटरने सकाळपासून तिसऱ्यांदा मान टाकली. ट्रकांच्या शर्यतीचा खेळ उघडला की पडदा काळा व्हायचा आणि व्हर्च्युअल मेमरी कमी असल्याची पाटी झळकायची. एरवी त्यांनी डब्याला दोन रट्टे देऊन विषय संपवला असता. पण संध्याकाळी काटोलहून मिनल येणार होती आणि परवा ती नवऱ्याबरोबर बंगळुरूला राहायला जाणार होती. "बाबा, खेळ चालू करून ठेवा. जायच्या आधी तुमचा रेकॉर्ड तोडते," असं लेकीने बजावलं होतं.

रुपरावांच्या मते रेकॉर्ड खरं तर तिचाच होता. नाव न टाकता खेळणाऱ्याला हा खेळ 'गेस्ट' म्हणायचा, आणि पंधरा वर्षं यादीत 'गेस्ट'च पहिला होता. शाळकरी मिनल गुपचूप सराव करते हे रुपरावांनी तेव्हाच ताडलं होतं. रोज संध्याकाळी एका खुर्चीवर दाटीवाटीने बसून दोघं खेळायचे. ती खुर्ची अजून तिथेच होती, आणि तिच्याकडे पाहिलं की हल्ली त्यांना उगाच भरून यायचं.

त्यांनी फोन लावला.

"बाबा, मेमरी भरली की कम्प्युटर डिस्कवरची जागा वापरते," मिनल म्हणाली. "तिथं जागाच नसंल. थोडी खाली करा, मंग सेटिंगमध्ये तो आकडा वाढवा."

"म्हणजे गोदाम भरलं की माल मागच्या शेडमध्ये. अन् शेडमध्येच कोणी खाटा टाकून राहिलं."

"हाव, तसंच समजा."

"मंग मले नको शिकवू."

वाडीच्या गोदामात रुपरावांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथला नियम एकच, आधी आलेला माल आधी बाहेर. त्यापायी त्यांचं एक पोतं कधी कुजलं नाही. त्यांनी फाइली तारखेने लावल्या आणि नावं न वाचता सगळ्यात जुना माल बायकोच्या, प्रेमलताबाईंच्या, भजनांच्या पेनड्राइव्हमध्ये हलवला. आकडा दुप्पट केला, कम्प्युटर बंद करून चालू केला. पाटी गेली होती. खेळही गेला होता.

या कम्प्युटरवर पहिल्याच दिवशी आलेला माल म्हणजे तो खेळ, हे त्यांना तेव्हा आठवलं.

"अवं, पेनड्राइव्ह कुठी गेला?"

"आमच्या भजनी मंडळाच्या शोभाताई घेऊन गेल्या," प्रेमलताबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "जरीपटक्यात आज भजन आहे. तुम्हाले काहून पाहिजे?"

उत्तर द्यायला रुपराव घरात नव्हते. जरीपटक्यात मांडवापाशी स्कूटर उभी करताच आतून ट्रकचा कर्कश भोंगा ऐकू आला. बायका टाळ धरून थिजल्या होत्या. स्पीकरसुद्धा पेनड्राइव्हमधला जुना माल आधी वाजवत होता.

"भाऊजी," शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा ट्रक आमच्या भजनात घुसला. काढून घ्या."

घरी येऊन खेळ जागच्या जागी ठेवेपर्यंत मिनल दारात होती. खेळ सुरू झाला. बापलेक पुन्हा त्याच खुर्चीवर कसेबसे मावले आणि तासभर ओरडले. रेकॉर्ड मात्र जागचा हलला नाही.

"नाही तुटत बाबा तुमचा रेकॉर्ड," मिनल म्हणाली.

"माझा? तो तुझा होय नं वं."

"मी तर नेहमी नाव टाकून खेळत होती."

दोघांनी एकदमच पडद्यावरच्या 'गेस्ट'कडे पाहिलं. प्रेमलताबाई पदराला हात पुसत आल्या.

"तुम्ही वाडीले, मिनल शाळेत. दुपारभर मी घरात काय करत होती, वाटते तुम्हाले?" त्या म्हणाल्या. "नाव टाकता येत नव्हतं मले. विचारलं असतं तर दोघंही हसले असते."

रुपराव खुर्चीवरून उठले. इतक्या वर्षांत बायकोला त्यांनी एकदाही 'खेळतेस का' म्हणून विचारलं नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आई, आता टाकून देते तुझं नाव," मिनल म्हणाली.

"थांब," प्रेमलताबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "आधी नवीन रेकॉर्ड होऊ दे. अन् तुम्ही तांदूळ पाहा, निवडायचे राहिले आहेत."