सूप चुकवण्याचं पुण्य

नवलकिशोरजी मोंढ्यातली धान्याची आडत बंद करून घरी आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि बाटीऐवजी त्यांच्यापुढे वाडगा आला. वाडग्यात काहीतरी नारिंगी, दाट आणि वर मिऱ्याची पूड.

"हे काय आहे?"

"लाल भोपळ्याचं सूप, पप्पाजी. आणि ताटात भाजलेली ढोबळी मिरची, टोमॅटो, कच्ची केळी," सून कनिका म्हणाली. "आजपासून तेल-तूप बंद."

रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दुपारी तसं बजावलं होतं खरं. नवलकिशोरजी एकटे गेले असते, तर ते दवाखान्यातच राहिलं असतं. पण कनिका सोबत गेली होती, आणि ती ऐकलेलं विसरणाऱ्यांतली नव्हती.

तिनं ओव्हन घेतला आणि कंबर कसली. अडचण एकच होती. फोनवरचं प्रत्येक सूप कांदा-लसणापासून सुरू व्हायचं आणि गाजर-बटाट्यावर येऊन थांबायचं, तर या जैन घरात जमिनीखालचं काही शिजत नव्हतं. मग तिनं बटाट्याच्या जागी कच्ची केळी घेतली, दाटपणासाठी मुगाची डाळ, आल्याऐवजी सुंठ आणि वर चिमूटभर हिंग. भोपळ्याच्या फोडी कडा काळसर होईपर्यंत भाजायच्या, म्हणजे गोडवा उतरतो, हे तिला दोनदा जाळून कळलं. सासूबाई चंदनबाई तर वाडगा निपटून आणखी मागून घ्यायच्या.

नवलकिशोरजींच्या घशाखाली मात्र ते उतरेना. "हे आजारी माणसाचं खाणं हाये," ते कुरकुरले.

"मंग तुम्ही कोण हाये?" चंदनबाई म्हणाल्या.

चौदसला, म्हणजे चतुर्दशीला, नवलकिशोरजींना वाट सापडली. सूप समोर आलं तसे ते पाटावर ताठ बसले. "बेटा, आज चौदस. आज हरी चालत न्हाई."

हरी म्हणजे ताजी भाजी. ठरावीक तिथींना ती न खाण्याचा नेम चंदनबाई पाळत, नवलकिशोरजी नाही. मागच्या चौदसला त्यांनी भेंडी मिटक्या मारत खाल्ली होती. पण सासरा नेम धरतोय म्हटल्यावर सून काय बोलणार? वाडगा मुकाट्यानं आत गेला आणि बाहेर आली बेसनाच्या गट्ट्यांची भाजी. ताजी भाजी बंद असली की मारवाडी घरात गट्टे होतात, पापडाची भाजी होते, कढी होते, आणि ते सगळं तुपाशिवाय शोभत नाही.

"आई, तूप..." कनिका घाबरत म्हणाली.

"राहू दे," म्हणत चंदनबाईंनी आणखी एक पळी सोडली. "जन्मात पहिल्यांदा धर्म करून राह्यले. खाऊ दे त्यांना."

त्या संध्याकाळी नवलकिशोरजींना धर्माची फार गोडी लागली. चौदसनंतर त्यांनी बीज धरली, मग पाचम, आठम, अग्यारस. पुनव आणि अमावास्याही हाताशी होत्याच. उरलेल्या दिवशी ते कसंबसं अर्धा वाडगा सूप ढकलत आणि पंचांग बघत बसत. रोज देवाच्या आधी पंचांग बघणारा नवरा चंदनबाईंना फारच भावला. त्यांनी ही गोष्ट कौतुकानं शेजारच्या जिनेंद्रजींना सांगितली, आणि जिनेंद्रजी होते गावच्या जैन संघाचे मंत्री, म्हणजे चिटणीस. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्थानकात, म्हणजे जैन साधू-साध्वींच्या प्रवचनगृहात, साध्वीजींचं प्रवचन संपलं आणि जिनेंद्रजींनी माइक घेतला.

"आपले नवलकिशोरजी! जिथं कचोरी, तिथं ते, असं आपण म्हणत आल्तो. त्यांनी सगळ्या तिथींची हरी सोडली. धन्य हाये त्यांची!"

सभागृह माना वळवून बघायला लागलं. साध्वीजी प्रसन्न हसल्या. "ज्यानं जीभ जिंकली, त्याला आता काय अवघड? परवापासून आयंबिलची ओळी सुरू होते. नऊ दिवस कराल ना?"

नवलकिशोरजींना घाम फुटला. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि तेही नुसतं उकडलेलं, कोरडं. तूप, तेल, दूध, दही, गूळ, मसाला, भाजी, काहीच नाही; आणि ओळी म्हणजे असे सलग नऊ दिवस. पलीकडे बायकांच्या बाजूला चंदनबाईंचे डोळे भरून आले होते. 'नको, माफ करा,' असं सांगण्यासाठी नवलकिशोरजींनी घाईघाईनं उठून हात जोडले.

स्थानकात, साध्वीजींसमोर, उभं राहून हात जोडले की त्याचा अर्थ एकच होतो. साध्वीजींनी डोळे मिटले आणि पच्चक्खाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, म्हणायला सुरुवात केली. नियम लागला. जयजयकार झाला.

उकडलेले मूग, मोकळा भात, कोरडी पोळी आणि पाणी. पहिल्या दिवशी नवलकिशोरजींनी हे मानानं गिळलं, दुसऱ्या दिवशी रागानं. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून भाजलेल्या भोपळ्याचा वास आला आणि त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले.

"काय करून राह्यली, बेटा?"

"आईंसाठी सूप," कनिका दचकून म्हणाली. "तुम्हाला त्रास होत असेल ना वासाचा? सॉरी, पप्पाजी." आणि तिनं दार लावून घेतलं.

बंद दारासमोर उभ्या त्या धिप्पाड माणसाला अक्षरशः रडू आलं. आपण अर्धे टाकलेले सगळे वाडगे त्याला एकेक करून आठवले.

ओळी पार पडली, हार-तुरे झाले, आणि दोन दिवसांनी कनिका त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट वाचला, मग जुना काढून शेजारी ठेवला.

"कमाल आहे! नवलकिशोरजी, तुम्ही एवढ्यात जे काही खाल्लंत ना, तेच आणखी तीन महिने खायचं. त्यात एका घासाचाही बदल नको. काय खात होतात?"

खरं बोलायची सवय असलेल्या कनिकानं तोंड उघडलं. "डॉक्टर, पप्पाजींनी आयं..."

"सूप!" नवलकिशोरजी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेल्या पेशंटांनी आत डोकावलं. "सूप, डॉक्टरसाहेब! आन भाजलेल्या भाज्या! दुसरं काई बी न्हाई! सून लई झकास करते."

कनिकानं सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं सुनेकडे पाहिलं. इतकी केविलवाणी नजर तिनं आजवर कुणा मोठ्या माणसाची पाहिली नव्हती.

"हो, डॉक्टर," ती सावकाश म्हणाली. "पप्पाजींना सूप फार आवडतं. मोठ्ठा वाडगा लागतो. कधीकधी दोन."

"मग दोन्ही वेळेला दोन-दोन देत जा," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

नवलकिशोरजींनी जोरजोरात मान हलवली. आता खोटं बोलण्याची गरजच उरली नव्हती, कारण त्यांच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं होतं.