नानांचा कंस

आमच्या नानांनी आयुष्यात कधी काही खोडलं नाही. नाना कंस करीत.

जळगावच्या आमच्या केळी संघात येण्याआधी त्यांनी चोपड्याकडे तलाठ्याच्या हाताखाली वीस वर्षं काढली होती. सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं तर खोडत नाहीत, कंस घालतात. हा सरकारी नियम नानांच्या अंगात भिनला. मधुमेह निघाला तेव्हा ऑफिसच्या चहाच्या यादीत ‘नाना’ कंसात गेले. मॅनेजरशी खटका उडाला की दोन दिवस मॅनेजरही कंसात. ‘कंसातलं वाचता तरी येतं,’ असं त्यांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर संघात संगणक आला आणि त्याच्यामागोमाग धुळ्याहून मी. आज कोणाच्या बागेत ट्रक जाणार, ती यादी करणारी एक प्रोसिजर, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, मी लिहून संगणकात ठेवली होती. रोज सकाळी नाना कळ दाबत, यादी निघे आणि मला फुकटचा मान मिळे.

एका सकाळी यादी निघेना. ‘नोंद सापडली नाही’ एवढंच इंग्रजीत येई. कोणाची नोंद, काही पत्ता नाही. बाहेर ट्रक उभे, बागांत कापलेले घड उन्हात. मी प्रोसिजर पुन्हा चालवली, संगणक बंद करून चालू केला, वायरी हलवल्या. मॅनेजर सारखे डोकावत होते. त्यांना वाटे, याला कळतंय. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. नाना मात्र माझ्या खुर्चीमागून हलत नव्हते.

शेवटी प्रोसिजरला प्रत्येक सभासदाचं नाव घेताना ते पडद्यावर दाखवायला लावलं. गाडी सुमनबाईंवर अडली. नाव कंसात होतं.

सभासद वारला की त्याची नोंद पुसा, हे मीच नानांना शिकवलं होतं. नानांनी आदल्या दिवशी कंस केला. प्रोसिजर कंसातल्या बाईची बाग शोधत बसली आणि ती मिळेना म्हणून सगळ्यांचंच काम टाकून मोकळी झाली. मी चिडलोच. एका मेलेल्या बाईपायी सगळ्यांची केळी काळी पडतील म्हणालो आणि नोंद पुसायला हात पुढे केला.

नानांनी माझं मनगट धरलं. ऑफिसात छापील बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

“ऱ्हाऊ द्या भाऊ. आमनी ती शे. बाग पोऱ्याना नावावर व्हई गयी, पोऱ्या सुरतले. रोज सकायले तिनं नाव दिखस, तेवढंच.”

नानांची बायको गेल्याचं मला ठाऊक होतं, तिचं नाव नव्हतं; मी हात मागे घेतला. ज्याची बाग सापडणार नाही त्याला ओलांडून पुढे जा, अशी दोन ओळींची भर मी घातली. यादी निघाली, ट्रक सुटले. मॅनेजरांनी शाबासकी दिली, ती घेताना मला लाज वाटली.

नाना तिथेच उभे होते. पुन्हा एकदा दाखवता का, म्हणाले. मी सुमनबाईंचं नाव पडद्यावर आणून बाजूला झालो. नाना खुर्ची ओढून समोर बसले.

“आज जराखा उशीर व्हई गया,” ते हलक्या आवाजात पडद्याला सांगत होते, “पन ट्रक बठ्ठा निंघी गयात.”