सबनीस सरांची तबकडी

सबनीस सर वांगी घ्यायला आले की रावपुऱ्यातली भाजीवाली कपाळाला हात लावी. समोरची चार वांगी ते देठापासून बुडापर्यंत निरखत. मागच्या ढिगाकडे नुसती एक नजर टाकून म्हणत, "हा सगळा बरा असावा!" मग हातातलं वांगं आणि ढीग यांचा मेळ बसेना, की पुन्हा पहिल्यापासून.

"जवळचं बारकाईनं, लांबचं ठोकताळ्यानं, आणि भांडण सगळं, दोन्ही जुळतात त्या शिवणीवर!" हे त्यांचं ब्रीद. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्या चौघांची गावं, गोत्रं, गुडघेदुख्या विचारत. उरलेल्या मांडवाला एकच सामुदायिक नमस्कार.

सर आयुष्यभर इंजिनिअरिंगच्या पोरांना विद्युतचुंबकीय लहरी शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, स्वभावानं घुमा. घरोघरी केबल आली त्या दिवसांतली ही गोष्ट. नवी मराठी वाहिनी सुरू झाल्याचं वाचून सर केबलवाल्याकडे गेले. मराठी बघणार कोण, हल्लीची पोरं सगळी हिंदीच बघतात, असं तो गुजरातीत म्हणाला, "साहेब, मराठी चेनल कोण जोशे? आजनां छोकरां तो बधां हिंदी जुए छे!"

"मग मीच उतरवतो आभाळातून!" म्हणत सरांनी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जाळीची भलीमोठी तबकडी उभी केली. चित्र आलं, पण वारूळ फुटून मुंग्या सैरावैरा धावाव्यात तसं.

दुसरा कोणी तबकडी डावी-उजवी ढकलत बसला असता. सर कॉम्प्युटरपुढे बसले, आणि संध्याकाळी अगाशीच्या कठड्यावरून मला समजावू लागले.

"मोहन, अरे सगळी अगाशी बारकाईनं मोजायला गेलो, तर दोन उत्तरायणं उलटली तरी हे यंत्र तोंड उघडणार नाही! म्हणून तबकडीच्या तोंडाशी जो छोटा कर्णा आहे ना, त्याचेच बारीक तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचा प्रत्येकावर काय परिणाम, ते चोख मोजायचं. बाकी तबकडी, कठडा, तुझ्या अगाशीवरची पाण्याची लोखंडी टाकी, यांवर लहरी आरशावरच्या उन्हासारख्या उसळतात असं धरायचं."

"आणि शिवणीवर?"

"तिथंच खरी गंमत! कर्णा टाकीला सांगतो, टाकी कर्ण्याला सुनावते. दोघांचा समेट होईस्तोवर गणित थांबवायचं नाही. अगदी व्याह्यांची बोलणी!"

एका रविवारी सकाळी सर शर्टाची बटणं वरखाली लावून कठड्यापाशी ओरडत आले. "सापडला चोर! तुझी टाकी, मोहन! तिची ही उजवी कड!"

मलाही असा चेव चढला, की मी तडक वाडीतून दोन माणसं आणली. टाकी रिकामी केली आणि दीड हात सरकवली. सर खाली टीव्हीपुढे, मी वर. सगळी गल्ली माना वर करून उभी.

"आलं! आलं रे! बाई दिसतेय! नथीतला मोती मोजून घे!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. केबलवालासुद्धा येऊन पाहून गेला.

आठवड्यानं मी त्यांची पक्कड परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. टीव्ही मोठ्यांदा चालू, समोर कोणी नाही. मालिकेतली सासू कुणाला तरी हाका मारत होती. आत स्वयंपाकघरात सर पाठमोरे बसून दुधी चिरत होते. "ऐकतोय, ऐकतोय," ते तिला म्हणाले.

मी दिसताच ओशाळले. "बघत नाही रे मी ते. घरात कुणी मराठीत बोलत असलं की बरं वाटतं."

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, जाऊन वर्ष झालं होतं. तेराव्यानंतर काय बोलावं ते कळेना, म्हणून मी त्या घरी बसायला असा गेलोच नव्हतो. टाकी हलवायला मात्र धावलो. त्यात बोलावं लागत नव्हतं. भिंतीपलीकडे मी होतो, आणि सरांना आवाज आणावा लागला तो आभाळातून. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी जाऊन टीव्ही बंद केला. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि विचारलं, "सर, दुधीत चणाडाळ घालता की नाही?"

"घालतो तर!" सर एकदम खुलले. "पण आधी भिजवून. नीट बस, सांगतो."