रंग काढून टाकू का?

"फ्लेक्सचा फोटो मीच करून देतो," असं मी का बोलून गेलो, ते मला अजून कळलेलं नाही. दुपार होती, पोटात पुरणपोळी होती, आणि अशा वेळी मी कुणालाही काहीही कबूल करतो.

माझे सासरे रेणुकादास म्हणजे मुदखेडचे निवृत्त मास्तर. (मी त्यांना मामा म्हणतो. ते मला 'जावईबापू' म्हणतात आणि पुढचं मनातल्या मनात म्हणतात.) त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं आणि माझ्या बायकोला, मुग्धाला, ते थाटात करायचं होतं. मामांचं मात्र एकच पालुपद.

"कशाला उगं? म्हाताऱ्याकडं आता कोण येऊन राहिलं? मांडव रिकामा दिसंल."

हे ते हसत म्हणायचे, पण म्हणताना दाराकडे बघायचे. ते बघणं मला सहन होत नसे.

म्हणून चौकात फ्लेक्स लावायचं ठरलं. आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस जन्मला हेसुद्धा कुणी मान्य करत नाही.

नांदेडला येऊन मी कॉम्प्युटरपुढे बसलो. गुलाबी फेट्यातला मामांचा फोटो सुंदर होता, फक्त मागे वाळत घातलेली सतरंजी दिसत होती. ती मी कापून काढली, चेहऱ्यामागची जागा मोकळी ठेवली आणि नाव, तारीख, फुग्यांच्या नक्षीसकट सगळं फ्लेक्सवाल्या अंबरीशला पाठवून दिलं. थोड्याच वेळात त्याचा फोन आला.

"साहेब, तुमची पीएनजी फाईल आमच्या मशीनला चालत न्हाई. जेपीजी करून पाठवा. आन घरी जपून ठेवायची तर टिफ करून ठेवा. जेपीजी दर सेव्हला झिजती."

फोटोसुद्धा माणसासारखा झिजतो, या विचाराने मला फार गलबलून आलं. मी रूपांतराला सुरुवात केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली, वर पंखा घरघरत होता, आणि मी तरंगत तरंगत थेट मांडवात पोचलो. मांडव खच्चून भरलेला होता. मामा माइकवर सांगत होते, "हा माझा जावई! असा जावई साऱ्या मराठवाड्यात न्हाई!" टाळ्या वाजत होत्या. मधेच कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, रंग काढून टाकू का? मी 'हो' दाबलं. मोकळ्या जागेत काळं भरू का? त्यालाही 'हो'. (लग्नातही भटजींनी जे जे विचारलं त्याला मी असाच 'हो' म्हणत गेलो होतो.) फाईल न उघडता पाठवून दिली आणि पुन्हा टाळ्यांकडे वळलो.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही मुदखेडलाच होतो. सकाळी शेजारच्या चंद्रप्रभाकाकू आल्या, झाकलेली पिठलं-भाकरी ओट्यावर ठेवली आणि तोंडाला पदर लावून न बोलता निघून गेल्या.

"आज आपल्याकडं पंगत असून यांनी जेवण का आणलं?" मुग्धा म्हणाली. "हे तर दुखवट्याच्या घरी आणतात!"

एवढ्यात मामांचा जुना विद्यार्थी रामकिशन अंगणात शिरला आणि माझ्या गळ्यात पडला. "लई देवमाणूस गेला हो!"

"कोण गेलं?" मामांनी मागून विचारलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता.

रामकिशन तिथंच मटकन बसला.

मी धावत चौकात गेलो. काळ्याकुट्ट फ्लेक्सवर राखाडी मामा मंद हसत होते. दोन्ही बाजूंना समया होत्या. मी अंबरीशला फोन लावला. तो हळू आवाजात म्हणाला, "फोटो बघूनच समजलो साहेब. फुगे काढून समया टाकल्या. नाव आन तारीख तेवढी ठेवली. मजकूर तुम्हाला कोणत्या तोंडानं विचारणार?"

घरी परतलो तर अंगण भरलं होतं. मुग्धा मला फक्त "अहो" म्हणाली. त्या एका शब्दात आमचा पुढचा सगळा संसार मला दिसला. ती लोकांना खरं सांगायला निघाली, पण मामांनी तिचा हात धरला आणि खुर्ची दाराआड ओढून घेतली.

"बोलू दे त्यांना. मी ऐकून राहिलो."

बाहेर कुणी म्हणत होतं, "गुरुजींनी मारलं लई, पण अक्षर बी हात धरून त्यांनीच काढून घेतलं." कुणी म्हणत होतं, "माझा बाप गेला तवा मला आपल्या घरी जेवू घातलं." मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि माझ्याही. मग ते उठले, फेटा नीट केला आणि बाहेर जाऊन म्हणाले, "आता आलाच हाव तर जेवून जा."

दोघं जण फाटकापर्यंत पळाले, बाकीचे हसत-रडत पाया पडले. मांडवात बसायला जागा उरली नाही. पंगतीला काकूंचं पिठलंसुद्धा वाढावं लागलं.

संध्याकाळी मामांनी मला जवळ बोलावलं. "जावईबापू, काम झकास केलंत. तुमचाबी एक असाच काढून बघा. लोक काय बोलतात ते माणसानं जिवंतपणीच ऐकून घ्यावं."

नांदेडला येईपर्यंत मी हवेतच होतो. ऑफिसातले सगळे रडतायत, साहेब माझ्या रिकाम्या खुर्चीला मिठी मारतायत, गल्लीत माणूस मावत नाही... घरी पोचताच माझा एक बरा फोटो काढला, रंग पुसले, मागे काळं भरलं आणि अंबरीशला पाठवला. त्याने विचारलं, "साहेब, साइझ काय ठेवू?"

मी मुग्धाला विचारलं. मेथीच्या जुडीवरून नजर न उचलता ती म्हणाली,

"पासपोर्ट."